बयाजेतून बाजारात

नववीच्या वर्गात गझल शिकवायला घेतली की दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो. ‘सर, शायर ज्याच्यासाठी एवढा रडतोय तो महबूब होता कोण?’ आम्ही ठरलेले उत्तर देतो. गझलेतला महबूब म्हणजे कोणी एक माणूस नव्हे, तो परंपरेतून आलेला असतो. आपल्या शायरांनी त्याला बहुधा पुल्लिंगी ठेवले आणि त्याच्यावर पडदा टाकला. नाव घेतले की रुसवाई आली, आणि आशिकाने सगळे सोसावे पण महबूबची रुसवाई होऊ देऊ नये, हा इश्काचा पहिला कायदा. मुले माना डोलावतात. त्यांचे समाधान झालेले नसते हे आम्हाला दिसते. खरे सांगायचे तर आमचेही झालेले नसते.

याच प्रश्नाच्या मागे लागून आम्ही इंग्रजी कवितेच्या इतिहासात शिरलो. तिथे सोळाव्या शतकात ‘ती कोण?’ हा प्रश्न वर्गातला नव्हता. तो दरबारातला होता, आणि त्याच्या उत्तरावर माणसे तुरुंगात जात होती. त्याच काळात इंग्लंडमध्ये छापखाना रुळत होता. चार मित्रांनी हाताने उतरवून घेतलेली इश्काची कविता दुकानात पैसे मोजून मिळू लागली. रुसवाई छापखान्याने जन्माला घातली असे नाही. ती आधीही होती. पण तिची किंमत कोणी मोजायची, हा हिशेब या शंभर वर्षांत उघड्यावर आला. तोच इथे मांडायचा आहे.

दरबारातली बयाज

आपल्याकडे शौकीन माणसे बयाज ठेवत. आवडलेले शेर, मित्रांच्या गझला, कधी स्वतःचे दोन मिसरे, सगळे एका वहीत. आठव्या हेन्रीच्या दरबारात नेमका हाच रिवाज होता. अशीच एक वही आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. अभ्यासक तिला ‘डेव्हनशर हस्तलिखित’ म्हणतात. १५३० च्या दशकात ती राणीच्या सेवेतल्या तरुण मंडळींत हातोहात फिरली. तिच्यात थॉमस वायटच्या पुष्कळ कविता आहेत. आणखी महत्त्वाचे म्हणजे तिच्यात स्त्रियांचे हस्ताक्षर आहे. मेरी शेल्टन आणि मार्गारेट डग्लस या दोघींनी तिच्यात लिहिले आहे. एका कवितेच्या कडव्यांची पहिली अक्षरे जोडली की शेल्टनचे नाव तयार होते. त्या कवितेच्या शेजारी एका हाताने ‘हे विसरून जा’ अशा अर्थाचा शेरा मारला आहे, तर दुसऱ्या हाताने ‘ही कविता मोलाची आहे’ असा. म्हणजे जिच्यावर कविता लिहिली जाई ती स्त्री नुसती ऐकून घेत नसे. समासात का होईना, तिचा मंडळीत वाटा होता.

पण हा खेळ किती धोक्याचा होता ते १५३६ साली कळले. त्या मे महिन्यात राणी ॲन बोलीनवर व्यभिचार आणि राजद्रोहाचे आरोप झाले. तिचा सख्खा भाऊ आणि आणखी चार पुरुष तिच्याबरोबर आरोपी झाले. १७ मे रोजी हे पाचही जण मारले गेले, १९ मे रोजी राणीचा शिरच्छेद झाला. सम्राटाचा वकील शापुई याने लिहून ठेवले आहे की राणी आणि तिचा भाऊ राजाने रचलेल्या गाण्यांना हसत, ही गोष्टही त्यांच्याविरुद्ध सांगण्यात आली. कवी वायटलाही त्याच धरपकडीत टॉवरमध्ये टाकले होते. तो सुटला, पण त्याच्या एका कवितेबद्दल लोक अजून कुजबुजतात. त्या कवितेत राजाच्या मालकीची म्हणून कोणी हात लावू शकत नाही अशी एक हरिणी आहे.

त्याच वर्षी राजाची भाची मार्गारेट डग्लस हिने थॉमस हॉवर्डशी गुपचूप लग्न ठरवल्याचे उघड झाले. दोघेही टॉवरमध्ये गेले. राजरक्ताच्या स्त्रीशी राजाच्या परवानगीवाचून असे नाते जोडणे हा राजद्रोह, असा कायदा त्या प्रकरणावरून झाला. हॉवर्ड १५३७ साली टॉवरमध्येच मरण पावला. डेव्हनशर वहीत काही कविता अशा आहेत की त्या या जोडप्याने एकमेकांसाठी लिहिल्या असे अभ्यासक मानतात. बयाज त्यांच्यासाठी करमणूक राहिली नव्हती. निरोप पोहोचवायचा तेवढाच एक रस्ता उरला होता.

टॉटलचे दुकान

वायट १५४२ साली वारला. त्याच्या मागून लिहिणारा सरेचा अर्ल हेन्री हॉवर्ड याचे १५४७ साली राजद्रोहाच्या आरोपावरून डोके उडवले गेले. दोघांच्या हयातीत त्यांची इश्काची कविता वह्यांतच होती. खानदानी माणसाने आपली कविता छापून विकायला ठेवणे त्या काळी हलकेपणाचे मानले जाई. तलवार, घोडा, नाच आणि कविता हे उमरावाचे शौक होते. शौकाचे पैसे घेत नसतात.

जून १५५७ मध्ये रिचर्ड टॉटल नावाच्या छापखानदाराने या दोघांच्या आणि इतरांच्या कवितांचा संग्रह बाजारात आणला. हा टॉटल मुख्यतः कायद्याची पुस्तके छापणारा. प्रस्तावनेत त्याने एक धीट मुद्दा मांडला. ज्यांनी हा ठेवा घरात दाबून ठेवला त्यांना त्याने नावे ठेवली आणि सामान्य वाचकालाही त्याचा लाभ मिळावा असे म्हटले. शिक्षक म्हणून आम्हाला हा मुद्दा पटतो. विद्या वहीत कोंडून ठेवू नये. तो संग्रह इतका खपला की पुढच्या तीस वर्षांत त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या.

पण टॉटलने आणखी एक गोष्ट केली. वहीत कवितांना सहसा मथळे नसत. ज्यांच्यासाठी त्या लिहिल्या त्यांना सांगायची गरजच नव्हती. टॉटलने प्रत्येक कवितेवर मथळा चढवला: प्रेमिक तक्रार करतो, प्रेमिक आपली दशा वर्णितो, सोडून गेलेल्या प्रेयसीविषयी प्रेमिक बोलतो. वायटची चाल त्याला खडबडीत वाटली तिथे त्याने ती गुळगुळीतही केली. हरिणीची ती कविता त्याच्या संग्रहात आलीच नाही. असे करून त्याने प्रत्यक्ष माणसाच्या जागी ‘प्रेमिक’ नावाचा एक सोंगाड्या उभा केला. आपल्या गझलेतल्या आशिकासारखाच हा पडदा, फरक एवढाच की तो कवीने नव्हे तर दुकानदाराने टाकला होता. बाजाराला इश्क हवा होता, त्यातले खरे नाव परवडणारे नव्हते.

याच १५५७ साली राणी मेरीने लंडनच्या स्टेशनर्स कंपनीला सनद दिली. ही छापखानदार आणि पुस्तकविक्रेत्यांची संघटना. आता पुस्तक छापायचे तर या संघटनेचा माणूस हवा, तिच्या वहीत नोंद हवी. पुस्तक पसरवणारे हात आणि पुस्तक पकडणारे हात एकाच घरात आले.

पडदा सरकला तर

हा पडदा किती पातळ होता हे जॉर्ज गॅस्कॉईनच्या पुस्तकाने दाखवले. १५७३ साली निघालेल्या त्याच्या फुलांच्या नावाच्या संग्रहात कवीचे नाव नव्हते. पुस्तक अनेक कवींचे आहे असा आव आणला होता. त्यात एक गद्य कथा होती. इंग्लंडच्या उत्तर भागातल्या एका वाड्यात पाहुणा म्हणून आलेला एफ. जे. नावाचा तरुण एका विवाहितेच्या प्रेमात पडतो, तिला पत्रे आणि कविता पाठवतो आणि शेवटी तिच्याकडूनच फसतो. कथा सांगणारा म्हणतो की हे कागद मला एका मित्राने विश्वासाने वाचायला दिले होते. ते छापण्यासाठी नव्हतेच.

झाले, लोक शोधायला लागले. तो वाडा कोणाचा? ती विवाहिता कोण? गॅस्कॉईनला १५७५ साली पुस्तक सुधारून काढावे लागले. त्यात त्याने धर्मपंडितांना उद्देशून खुलासा लिहिला, आपण कोणाचीही बदनामी केली नाही असे सांगितले आणि कथेचा वाडा उचलून थेट इटलीत नेऊन ठेवला. नायक इटालियन, नायिका इटालियन, आणि मूळ कथाही म्हणे एका इटालियन लेखकाची. एवढे करूनही १५७६ साली त्या सुधारलेल्या पुस्तकाच्या प्रती सरकारी आयुक्तांच्या हुकमाने स्टेशनर्स कंपनीत जमा झाल्या. ‘हे खरे आहे’ असा इशारा करून गॅस्कॉईनने वाचक गोळा केला. तोच इशारा मागे घेऊ लागल्यावर कोणी ऐकेना.

सिडनीची स्टेला

फिलिप सिडनी हा एलिझाबेथ राणीच्या दरबारातला सर्वांचा लाडका तरुण. त्याच्या लेखनातले महत्त्वाचे काही त्याने हयातीत छापले नाही. १५८६ साली झुटफेनच्या लढाईत झालेल्या जखमेने तो वारला तेव्हा तो अवघा ३१ वर्षांचा होता. मागे राहिलेल्या कागदांत १०८ सुनीते आणि ११ गीते होती. त्यातल्या नायिकेचे नाव स्टेला, म्हणजे तारा. तिच्या मागे कोण आहे हे दरबारात सर्वांना ठाऊक होते. पेनेलोपी डेव्हरू. तिच्या वडिलांच्या मनात तिला सिडनीला द्यायचे होते. वडील गेले आणि १५८१ साली तिचे लग्न लॉर्ड रॉबर्ट रिचशी लावले गेले. रिच म्हणजे श्रीमंत. या शब्दावर श्लेष करून सिडनीने नवऱ्याला टोमणे मारले आणि पडद्याची एक बाजू स्वतःच वर केली.

१५९१ साली टॉमस न्यूमन नावाच्या पुस्तकविक्रेत्याने घरच्यांना न विचारता ही सुनीते छापली. हाताने उतरवलेल्या प्रती फिरत होत्या, त्यातलीच एक त्याच्या हाती पडली होती. छपाई अशुद्ध होती. रिच शब्दावर पूर्णपणे उभे असलेले एक सुनीत मात्र तिच्यात नव्हते. थोड्याच दिवसांत त्या प्रती वरून आलेल्या हुकमाने परत घेतल्या गेल्या, पण त्याच वर्षी न्यूमनने दुरुस्त केलेली दुसरी आवृत्तीही काढली. यावरून दिसते की हरकत कवितेतल्या इश्कापेक्षा तिच्या चोरीला आणि चुकांना अधिक होती. पुढे १५९८ साली सिडनीची बहीण, पेम्ब्रोकची काउंटेस मेरी, हिच्या आशीर्वादाने सगळे साहित्य एकत्र निघाले तेव्हा ते वगळलेले सुनीतही त्यात आले. भावाची कीर्ती पूर्ण झाली आणि पेनेलोपीच्या नवऱ्याचे नाव छापील झाले. पेनेलोपीला कोणी विचारले होते का, याचा माग आम्हाला कुठे लागला नाही.

तिचे पुढे काय झाले ते सांगायला हवे, कारण कवितेच्या पुस्तकांत ते सांगत नाहीत. पेनेलोपी वर्षानुवर्षे चार्ल्स ब्लंट, लॉर्ड माउंटजॉय, याच्याबरोबर उघडपणे राहत होती. त्याच्यापासून तिला मुलेही होती. दरबार सगळे जाणून होता. राजा जेम्सच्या काळातही तिला मानाचे स्थान होते. १६०५ साली चर्चच्या न्यायालयाने तिला आणि रिचला विभक्त केले. आपल्या वाचकांना तलाक आणि खुला ठाऊक आहेत, म्हणून हा फरक नीट सांगतो. त्या फर्मानाने नवराबायकोचे एकत्र राहणे संपले, पण पहिला जोडीदार जिवंत असेपर्यंत पुन्हा लग्न करायला मनाई होती. तरीही त्याच वर्षी २६ डिसेंबरला दोघांनी एका पाद्र्याकरवी लग्न लावून घेतले. आणि तेव्हा राजा संतापला. इतकी वर्षे जे खपले ते निकाहाचे रूप घेऊ लागताच खपेना. दोघांना दरबार बंद झाला. एप्रिल १६०६ मध्ये ब्लंट वारला, पुढच्या वर्षी पेनेलोपी गेली. स्टेला मात्र तशीच चमकत राहिली. तिला ना नवरा होता, ना मुले, ना दरबाराचा दरवाजा.

चार जूनची होळी

या मधल्या काळात सत्तेलाही छापील इश्काची धास्ती वाटू लागली होती. १ जून १५९९ रोजी कँटरबरीचा आर्चबिशप व्हिटगिफ्ट आणि लंडनचा बिशप बँक्रॉफ्ट यांनी स्टेशनर्स कंपनीला पुस्तकांची यादी पाठवली. उपहासिका आणि चुटके यापुढे छापू नयेत असा हुकूम दिला. चार तारखेला कंपनीच्या आवारात काही पुस्तके जाळली गेली. त्यांत कवी मार्लोने इंग्रजीत आणलेली रोमन कवी ओव्हिडची शृंगारिक कविताही होती. मार्लो सहा वर्षांपूर्वीच मेला होता आणि ओव्हिडला दीड हजाराहून अधिक वर्षे झाली होती. स्वतः ओव्हिडलाही सम्राट ऑगस्टसने रोमबाहेर घालवले होते आणि त्याच्या शृंगारिक कवितेचे कारण त्यात सांगितले गेले होते. पुस्तक जाळून इश्क संपत नाही हे बिशपांना कळायला हवे होते, कारण ओव्हिड त्यांच्याच शाळांत शिकवला जात होता.

आणि मग ती स्वतः लिहिते

इथवर लिहिणारे बहुतेक सगळे पुरुष होते, आणि ‘ती कोण?’ असे विचारले जात होते ती स्त्री. १६२१ साली हे चित्र उलटले. लेडी मेरी रॉथ ही त्या फिलिप सिडनीचीच पुतणी. १५८७ सालचा तिचा जन्म. तरुणपणी राणी ॲनच्या दरबारी नाट्यनृत्यांत नाचलेली. नाटककार बेन जॉन्सनने आपले एक नाटक तिला अर्पण केले होते. १६१४ साली नवरा वारला आणि मागे २३,००० पौंडांचे कर्ज ठेवून गेला. दोन वर्षांनी लहानगा मुलगा गेला आणि त्याच्याबरोबर इस्टेटही नवऱ्याच्या घराण्यातल्या दुसऱ्या पुरुषाकडे गेली. कर्ज मात्र तिच्याकडे राहिले. चुलतबहिणीच्या नव्हे, आत्याच्या मुलाशी, म्हणजे पेम्ब्रोकचा अर्ल विल्यम हर्बर्ट याच्याशी तिचे संबंध होते. त्याच्यापासून तिला लग्नाबाहेरची दोन मुले झाली.

१६२१ साली तिच्या नावाने ‘युरेनिया’ हे जाडजूड पुस्तक लंडनच्या दुकानांत आले. इंग्रज स्त्रीने लिहून छापलेला हा पहिला मोठा गद्य रोमान्स. शेवटी शंभराहून अधिक सुनीते आणि गीते जोडली होती. त्यात प्रेम करणारी स्त्री आहे, पॅम्फिलिया. प्रियकराचे नाव अँफिलँथस, त्याचा अर्थच दोघींवर प्रेम करणारा. परंपरेने पुरुषाला स्त्रीचे डोळे, ओठ, केस वर्णायची सवय लावली होती. पॅम्फिलिया प्रियकराच्या रूपाचे वर्णन जवळपास करतच नाही. ती रात्रीशी बोलते, काळाशी बोलते, प्रेमाशीच भांडते. पुस्तकाला प्रस्तावना नाही आणि शेवटचे वाक्य अर्धेच तुटलेले आहे.

दरबाराने मात्र हे पुस्तक किल्ली लावून वाचले. कोण कोणाचे सोंग आहे याचा शोध सुरू झाला. एका प्रसंगात एक बाप आपल्या लग्न झालेल्या मुलीवर बदफैलीचा संशय आला म्हणून तिच्या जिवावर उठतो आणि जावई तिला वाचवतो. लॉर्ड एडवर्ड डेनीने त्यात स्वतःला ओळखले. त्याची मुलगी होनोरा १६१४ सालीच वारली होती. डेनीने रॉथवर एक शिव्याशापांची कविता लिहिली. तीत तिला ना धड बाई ना धड पुरुष असे ठरवले आणि असली पुस्तके सोडून सुईदोऱ्यासारखे काम करावे असा सल्ला दिला. त्याची ती कविता हाताने उतरून दरबारात फिरली. रॉथ गप्प बसली नाही. तिने त्याचीच यमके घेऊन ओळीला ओळ लावून जबाब लिहिला. मग डेनीने पत्रातून उपदेश केला: प्रेमाच्या गोष्टी पुरे, तुझ्या पुण्यशील आत्याप्रमाणे देवाची स्तोत्रे लिही. ही आत्या म्हणजे तीच मेरी, जिने भावाची सुनीते नवऱ्याच्या नावासकट छापू दिली होती. तेव्हा तिला कोणी सुई हाती घ्यायला सांगितले नव्हते.

१५ डिसेंबर १६२१ रोजी रॉथने राजाचा लाडका बकिंगहॅम याला पत्र लिहिले. पुस्तक माझ्या मर्जीविरुद्ध विकले गेले, छापण्याचा माझा हेतू नव्हता, विक्री मी थांबवली आहे, विकलेल्या प्रती परत मिळवायला राजाचा हुकूम मिळावा. आणि त्याच पत्रात, मी आपल्याला पाठवलेली प्रतही परत करावी. आता पाहा. जिने स्वतः प्रत भेट पाठवली, ती म्हणते मला छापायचेच नव्हते. अभ्यासक यावर अजून वाद घालतात. आम्हाला ते पत्र वाचून गॅस्कॉईन आठवतो. त्यानेही आधी हेच म्हटले होते की हे कागद छापण्यासाठी नव्हते. त्याच्या तोंडी ती वाचकाला बोलावण्याची युक्ती होती. रॉथच्या तोंडी तोच शब्द आला तेव्हा ती जीव मुठीत धरून माघार घेत होती.

तिने युरेनियाचा दुसरा भाग लिहिला, पण छापला नाही. तो पुन्हा बयाजेत गेला. ते हस्तलिखित आज शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीत आहे. ते छापील रूपात आले १९९९ साली, जवळपास पावणेचारशे वर्षांनी.

हिशेब

वायटचे नाव झाले, सिडनीचे झाले, टॉटलचा गल्ला भरला. गॅस्कॉईनची प्रत जप्त झाली पण तो कवी म्हणून उरला. ज्यांच्यावर लिहिले त्या स्त्रियांना मात्र कवितेत टोपणनाव आणि कवितेबाहेर बदनामी मिळाली. आणि जिने स्वतःच्या इश्काबद्दल स्वतः लिहिले तिला लेखणी सोडायला सांगितले गेले. छापखान्याचा दोष आम्ही मानत नाही. छापले नसते तर डेनीची शिवी आणि रॉथचा जबाब या दोन्हींमागचे पुस्तक आपल्यापर्यंत आले नसते. दोष वाचण्याच्या त्या सवयीचा आहे, जी पुरुषाच्या कवितेत कला शोधते आणि स्त्रीच्या कवितेत पुरावा.

ही सवय इंग्लंडपुरती नाही, आणि सतराव्या शतकात संपलेलीही नाही. आमच्या वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलीच्या वहीच्या शेवटच्या पानांवर काही शेर लिहिलेले होते. गृहपाठ तपासताना ते आमच्या नजरेस पडले. आमच्या मनात सर्वांत आधी प्रश्न आला तो हाच, की हे कोणावर लिहिले आहे? वजन साधले आहे का, काफिया जमला आहे का, हे आम्ही नंतर पाहिले. काफिया जमला होता. त्या पानावर लाल शाई न लावता आम्ही वही बंद करून तिच्या हातात दिली. पुढच्या वेळी मुलांनी ‘तो महबूब कोण होता?’ असे विचारले तर आम्ही त्यांना उलट एक प्रश्न विचारणार आहोत: लिहिणारी कोण आहे, आणि लिहिल्याची किंमत तिला किती पडणार आहे?